ओंठ आधीं, शब्द मागून : घरच्या संगणकावरील दूरदर्शन

आकाश निवळ असलें म्हणजे आमच्या वारज्याच्या गच्चीवरून दक्षिणेच्या अंगास सिंहगड दिसतो, आणि त्याच्या माथ्यावरील उंच मनोराही दिसतो. एके काळीं पुण्यांतील घरोघरच्या छपरांवरील ॲल्युमिनियमच्या काड्या या एकाच दिशेकडे तोंड करून उभ्या असत. १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तें पुण्यासही दिसूं लागलें. त्या दिवसांत चित्र हललें कीं घरांतला एक मुलगा गच्चीवर चढे, दुसरा जिन्यांत उभा राही, आणि ‘आलं का?’ ‘अजून थोडं डावीकडे!’ असा पुकारा चाले. दोष असला तरी तो कोठें आहे हें लहान मुलासही कळत होतें.

आतां काळ पालटला. काड्यांच्या जागीं थाळी आली. प्रसार भारतीची विनामूल्य उपग्रहसेवा २००४ च्या डिसेंबरांत ‘डी. डी. डायरेक्ट प्लस’ या नांवानें सुरू झाली. आज ती ‘डी. डी. फ्री डिश’ म्हणून घरोघरीं ठाऊक आहे. या थाळीची तार संगणकांत बसविलेल्या एका लहानशा कार्डास जोडली म्हणजे संगणकच दूरदर्शनसंच होतो. कार्यक्रम मध्येंच थांबवितां येतो, मुद्रित करून ठेवतां येतो, सवडीनें पुन्हां पाहतां येतो. एकत्र कुटुंबास ही सोय मोठीच आहे. कारण संध्याकाळीं घरांत कोणी देवाजवळ दिवा लावीत असतें, कोणी ऑफिसांतून परतत असतें, कोणाचा अभ्यास उरलेला असतो. परंतु या सोयीबरोबर जे दोष घरांत येतात त्यांचें मूळ गच्चीवर चढून सांपडत नाहीं. अशाच दोन दोषांची ही हकीकत आहे. त्यांतील एक डोळ्यांस खटकला, पण त्यानें कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. दुसरा कोणास दिसलाच नाहीं, आणि त्यानें आमच्या घरांतील एक माणूस आमच्या बैठकींतून उठवून नेला.

माजघरांतील नवा संसार

गेल्या वर्षीं आम्हीं असा संगणक माजघरांत मांडला व त्यास मोठा पडदा जोडला. उत्साह पुतण्याचा, पैसे धाकट्या बंधूंचे, आणि ‘एवढ्या तारा कोण झाडणार?’ ही टीका घरांतील स्त्रियांची, अशी कामाची वांटणी झाली. चित्र स्वच्छ आलें. तरी त्यांत कांहीं तरी चुकत होतें. बातम्यांच्या खालून सरकणारी अक्षरांची पट्टी संथ न वाहतां अडखळत चाले. क्रिकेटच्या सामन्यांत धांवणारा गोलंदाज मध्येंच ठेंचाळल्यासारखा वाटे. मुलांनीं तें चालवून घेतलें, आणि मुलांनीं घेतलें म्हणून मोठ्यांनींही घेतलें.

आमच्या घरांत नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, यांचें वय आतां ८३ आहे. कानांनीं त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वीं दगा दिला. श्रवणयंत्र आहे, पण चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं त्याचा उपयोग होत नाहीं. त्यांना ऐकूं यावें म्हणून पुतण्यानें मोठ्या प्रेमानें एक बिनतारी स्पीकर आणला व त्यांच्या खुर्चीशेजारीं ठेवला. आवाज खणखणीत होता. आणि त्यानंतर पंधरवडा लोटला नाहीं तोंच नाना संध्याकाळच्या मराठी बातम्यांना बसेनासे झाले. ‘तुम्ही पाहा, मला आतां त्यांत गोडी राहिली नाहीं,’ असें म्हणून ते आपल्या खोलींत जात. आम्हीं आपसांत ठरविलें कीं वय झालें, आतां मन उडालें. हा निष्कर्ष काढावयास आम्हांला एक दिवसही लागला नाहीं.

एके दिवशीं वहिनी चहा घेऊन त्यांच्या खोलींत गेल्या आणि समोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘नाना, बातम्या लागल्या आहेत. येतां ना बाहेर?’ त्यावर नाना म्हणाले, ‘सूनबाई, तूं समोर उभी राहून बोलतेस तें मला कळतं. तुमच्या त्या पडद्यावरचीं माणसं ओंठ मिटल्यावर बोलतात. त्यांचं मला कांहीं लागत नाहीं.’

वहिनींनीं हें वाक्य बाहेर येऊन जसेंच्या तसें सांगितलें. पुतण्या क्षणभर स्पीकरकडे पाहतच राहिला.

अडखळणारीं चित्रें

दोन्ही दोष वेळेच्या हिशेबाचे आहेत. म्हणून आधीं सोपा घेऊं. हलतें चित्र असें जगांत नाहींच. स्थिर चित्रें भरभर पुढें सरकविलीं कीं डोळा त्यांतून गति निर्माण करतो. बोलपटांत सेकंदास २४ चित्रें असतात. दूरदर्शनाची जी पद्धति भारतानें स्वीकारली तींत २५ असतात, आणि त्यांतील प्रत्येक चित्र दोन हप्त्यांनीं येतें : प्रथम एकाआड एक अशा निम्म्या ओळी, आणि एकपन्नासांश सेकंदानें उरलेल्या निम्म्या. म्हणजे सेकंदास ५० अर्धचित्रें. हा ५० चा आंकडा विजेवरून आला. आपल्याकडील व युरोपांतील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. अमेरिकेंतील ६० करतो, म्हणून तिकडे दूरदर्शनाचीं चित्रें ३० च्या हिशेबानें बसविलीं गेलीं. संगणक मुख्यतः अमेरिकेंत वाढला, आणि आज बहुतेक संगणकांचा पडदा, मुद्दाम बदलला नाहीं तर, सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगविला जातो. तंटा येथेंच आहे.

६० ला २५ नें भागलें तर २.४ येतात. कोणतेंही चित्र दोन पूर्णांक चार दशांश वेळां दाखवितां येत नाहीं. तेव्हां यंत्र कांहीं चित्रें दोनदां दाखवितें व कांहीं तीनदां. पांच चित्रांस बारा खेपा मिळतात, त्या अशा : दोन, दोन, तीन, दोन, तीन. दोनदां दाखविलेलें चित्र ३३ सहस्रांश सेकंद राहतें आणि तीनदां दाखविलेलें ५०. बोलपटाचीं २४ चित्रें याच पडद्यावर घातलीं तर वांटणी होते दोन, तीन, दोन, तीन. गाणें जाणणाऱ्या वाचकांनीं ओळखलेंच असेल कीं हे झपतालाचे विभाग झाले. झपताल कानांस गोड लागतो, कारण त्यांतील दहाही मात्रा सारख्या लांबीच्या असतात. येथें मात्र चालणाऱ्या माणसाचें एक पाऊल दोन मात्रांचें आणि दुसरें तीन मात्रांचें होतें. अशी चाल लंगड्याची.

ही गोष्ट यंत्राच्या बळाची नव्हे. पुण्यांतच १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें आणि १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आज कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या खिशांतील मोबाइलही हिशेबाच्या वेगांत त्याच्यापुढें आहे. तेव्हां अधिक महाग यंत्र घेतल्यानें हा दोष जाईल अशी आशा धरूं नये. पडदाच ५० वर आणला कीं प्रत्येक अर्धचित्रास बरोबर एक खेप मिळते, पूर्ण चित्रास दोन, आणि चाल सुधारते. विंडोज असलेल्या संगणकावर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमानें गेलें म्हणजे हा आंकडा बदलतां येतो. दूरदर्शनसंच म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यांवर ५० बहुधा असतो; संगणकाबरोबर येणाऱ्या सर्वच पडद्यांवर तो नसतो, म्हणून विकत घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

याच संदर्भांत एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं पुण्यांत तयार झाला. ज्या जागेंत तो झाला तेथें आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. असा २४ च्या गतीचा बोलपट आपल्या दूरदर्शनावर दाखवितांना जुनी रीत अशी कीं तो सरळ २५ च्या गतीनें पळवावयाचा. चोवीसास एक अधिक म्हणजे शेंकडा चारांची घाई. दोन तासांचा बोलपट पांच मिनिटें आधीं संपतो आणि गाणाऱ्याचा स्वर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो. ‘सिनेमांत ऐकलं तें गाणं टी. व्ही. वर वेगळं लागतं,’ असें एखादे जाणकार आजोबा म्हणत आणि बाकीचे हंसत, तेव्हां पुष्कळदां आजोबाच बरोबर असत.

फणीचे दांत

चित्रांच्या चालीबरोबर आणखी एक विकार दिसतो. हालचाल जोराची झाली कीं माणसाच्या कडेला फणीसारखे दांत उगवतात. याचें कारण वर सांगितलेलीं अर्धचित्रें. जुन्या कांचेच्या नळीवर विजेचा झोत एकेक ओळ काढीत जाई आणि दुसरा हप्ता येईपर्यंत पहिल्याची चकाकी ओसरलेली असे. म्हणून दोन हप्ते एकमेकांत गुंतत नसत. आजचा सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवितो. धांवणारें मूल एकपन्नासांश सेकंदांत थोडें पुढें सरकलेलें असतें, तेव्हां निम्म्या ओळींत तें मागें आणि निम्म्या ओळींत पुढें, असें दोन ठिकाणीं दिसतें.

यावर उपाय करणारी योजना बहुतेक सर्व चित्रवादक प्रोग्रॅमांत असते. तिला ‘डीइंटरलेस’ म्हणतात. तिच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा निम्मीं अर्धचित्रें टाकून देते. दांत जातात, पण सेकंदास २५ च चित्रें उरून गतीचा ओघ तुटतो. दुसरी तऱ्हा प्रत्येक अर्धचित्राचें एक पूर्ण चित्र बनविते आणि पन्नासच्या पन्नास राखते. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या उद्योगांतून जन्मलेला ‘व्ही. एल. सी.’ हा विनामूल्य प्रोग्रॅम पुष्कळ घरांतून आहे. त्यांत ‘याडिफ’ नांवाची रीत साधी व दुप्पट अशा दोन्ही रूपांत मिळते. घ्यावयाची ती दुप्पट. हिशेब बराच वाढतो, म्हणून चित्र उलगडण्याचें काम संगणकाच्या मुख्य मेंदूवर न टाकतां चित्रासाठीं असलेल्या चिपेकडे सोंपवावें; तशी सोय त्याच प्रोग्रॅमांत आहे.

पावसाळ्यांत चित्राचे चौकोनी तुकडे पडतात किंवा तें गोठतें, तो विकार मात्र अगदीं वेगळा. थाळीकडे येणाऱ्या लहरी मुसळधार पावसांत क्षीण होतात. त्यास संगणकावर औषध नाहीं. थाळीचें तोंड व तारेचे सांधे उन्हाळ्यांतच तपासून घ्यावे.

वरील दोन फेरफार केल्यावर बातम्यांची पट्टी पाण्यासारखी वाहूं लागली. हीच पट्टी उत्तम कसोटी आहे. ती संथ चालली कीं चित्राचें काम झालें असें समजावें.

ओष्ठ्य वर्ण

नानांचें दुखणें मात्र याच्या पलीकडचें होतें. लहानपणीं मुठेच्या कांठीं उभें राहून पैलतीरावर धुणें धुणारी बाई ज्यांनीं पाहिली असेल त्यांना आठवेल, कीं कपडा दगडावर आपटलेला आधीं दिसे आणि आवाज मागून येई. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो, प्रकाश त्या मानानें तत्काळ पोंचतो. म्हणून शब्द दृश्याच्या किंचित् मागें असणें माणसाच्या अंगवळणीं पडलें आहे. शब्द दृश्याच्या पुढें धांवणें मात्र त्यास लगेच टोंचतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें याचे आंकडे दिले आहेत. आवाज चित्राच्या सुमारें ४५ सहस्रांश सेकंद पुढें गेला कीं तें प्रेक्षकाच्या लक्षांत येऊं लागतें. मागें राहिला तर १२५ सहस्रांशांपर्यंत तें ध्यानांत येत नाहीं.

हे आंकडे धडधाकट कानांच्या माणसांचे. ज्याचे कान मंद झाले आहेत तो अर्धें कानांनीं व अर्धें डोळ्यांनीं ऐकत असतो, आणि पुष्कळदां हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. आपल्या व्याकरणांत प, फ, ब, भ, म यांस ओष्ठ्य वर्ण म्हणतात, कारण ते उच्चारतांना ओंठ मिटतात. ओंठ मिटलेले दिसले कीं या पांचांतील एक अक्षर आहे एवढें डोळा सांगतो. त्यांतील कोणतें, हें कान ठरवितो. दोन्ही साक्षीदार एकाच क्षणीं बोलले तरच निकाल लागतो. १९७६ सालीं मॅकगर्क व मॅकडोनल्ड या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत आवाज ‘बा’ चा होता आणि ओंठांची हालचाल ‘गा’ ची. ऐकणाऱ्या पुष्कळांनीं ‘दा’ ऐकल्याचें सांगितलें. उत्तम कानांच्या माणसाचेंही ऐकणें डोळ्यांवर किती अवलंबून असतें हें त्यावरून दिसतें.

आतां बिनतारी स्पीकरचें पाहूं. तो ब्लूटूथवर चालतो. संगणक आवाज आंवळून त्याच्या पुड्या बांधतो, हवेंतून पाठवितो. स्पीकर त्या थोड्या सांठवितो, सोडवितो आणि मग वाजवितो. या देवघेवींत एक ते तीन दशांश सेकंद सहज जातात. संगणकास या विलंबाची वार्ता मिळाली तर तो चित्रही तितकेंच थांबवूं शकतो. पण ती नेहमीं बरोबर मिळतेच असें नाहीं. पुतण्यानें आमच्याकडील विलंब मोजला. टाळी वाजविल्याचें एक दृश्य पडद्यावर लावून तें मोबाइलनें टिपलें आणि हात भिडल्यापासून आवाज येईपर्यंत किती चित्रें गेलीं तीं मोजलीं. हिशेब पाव सेकंदाच्या आसपास आला.

पाव सेकंद ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु बातम्या सांगणारें माणूस सेकंदांत निदान चार-पांच अक्षरें उच्चारतें. म्हणजे एक अख्खें अक्षर मागें पडलें. ‘पुणें’ यांतील ‘पु’ कानांवर पडे तेव्हां पडद्यावरचे ओंठ ‘णें’ वर पोंचलेले असत. आम्हांला तें जाणवलें नाहीं, कारण आम्हीं ओंठांकडे पाहतच नव्हतों. नानांना मात्र प्रत्येक शब्दास दोन साक्षीदार दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत होते. आवाज मोठा करण्यासाठीं जें आणलें त्यानेंच त्यांचा अर्थ नेला होता. आणि पुतण्यानें आपल्या पैशांतून हौसेनें आणलेली वस्तु निरुपयोगी आहे हें सांगणें जिवावर येऊन त्यांनीं ‘गोडी राहिली नाहीं’ एवढेंच म्हटलें होतें.

उपाय अगदीं साधा निघाला. बिनतारी स्पीकर स्वयंपाकघरांत गेला. तेथें तो भजनें उत्तम ऐकवितो, कारण तेथें ओंठ पाहावयाचे नसतात. नानांच्या खुर्चीशीं तारेचा साधा स्पीकर आला, आणि तार भिंतीच्या कडेनें पट्टींत बसविली, म्हणजे झाडतांना अडचण नको. पडदाही स्वतःच चित्र सजविण्यांत थोडा वेळ घेतो. त्यानें आवाज उलट पुढें जाऊं लागला तर पडद्यावरील ‘गेम’ नांवाची रीत लावावी, ती ही सजावट कमी करते. उरलेला फरक व्ही. एल. सी. मध्यें ‘जे’ आणि ‘के’ या दोन कळांनीं काढतां येतो. एका दाबास ५० सहस्रांश सेकंद या हिशेबानें एक कळ आवाज अलीकडे आणते व दुसरी पलीकडे नेते. बिनतारी यंत्राशिवाय गत्यंतरच नसेल तेथेंही याच कळा उपयोगीं पडतात. कसोटीसाठीं बातम्या सांगणाऱ्याच्या ओंठांकडे पाहावें आणि ‘मुंबई’, ‘महाराष्ट्र’, ‘पाऊस’ अशा शब्दांची वाट पाहावी. ओंठ मिटणें आणि अक्षर ऐकूं येणें एकदम झालें म्हणजे हात आवरावा. खुर्ची मात्र पडद्याच्या समोर व जवळ असावी. कडेनें पाहणाऱ्यास ओंठ वाचतां येत नाहींत.

इतकें करूनही सर्व साधलें असें नाहीं. दुसऱ्या भाषेंतून मराठींत आणलेल्या मालिकांत ओंठ एका भाषेचे आणि शब्द दुसरीचे असतात. तेथें कोणतीही कळ दाबली तरी नानांच्या हातीं कांहीं लागत नाहीं. बातम्यांतही पडद्यावर पूर दिसत असतो आणि निवेदकाचा आवाज मागून येतो, तेव्हां ते नुसते पाहतात व नंतर आम्हांला विचारतात. कार्यक्रमाबरोबर अक्षरें दाखविण्याची सोय असेल तेथें ती लावून ठेवावी. घरांतील मुलांना तिचा अडथळा होत नाहीं, उलट त्यांचें मराठी वाचन सुधारतें.

पहिल्या दिवशीं वहिनींनीं नानांना ‘नुसतं पांच मिनिटं बसून पाहा’ म्हणून बोलावून आणलें. ते बसले. आम्ही सगळे बातम्यांकडे न पाहतां त्यांच्याकडेच पाहत होतों, हें त्यांच्या लक्षांत आलें असावें. कांहीं वेळानें ते म्हणाले, ‘बाई फार भरभर बोलतात. पण बोलतात स्वच्छ.’ मग पुतण्याला जवळ बोलावून म्हणाले, ‘तुझा तो स्पीकर वाईट नव्हता रे. मला तेव्हांच सांगायला हवं होतं.’

तेव्हांच विचारावयास आम्हांलाही हवें होतें. आपल्याही घरांत कोणी वडील माणूस ‘गोडी राहिली नाहीं’ म्हणून बैठकींतून उठत असेल, तर कृपा करून एक दिवस त्यांच्या खुर्चींत बसावें, आवाज अगदीं लहान करावा, आणि समोरच्या ओंठांवरून किती कळतें तें पाहावें.